आयटीआयमधला 'ईएस'चा तास आणि मुलांचा आत्मविश्वास

आयटीआयच्या वेळापत्रकात वर्कशॉप, ट्रेड थिअरी, ड्रॉइंग यांच्या जोडीला आणखी एक तास असतो. त्याचं पूर्ण नाव एम्प्लॉयबिलिटी स्किल्स, बोलण्यात 'ईएस'. बायोडाटा कसा लिहायचा, मुलाखतीत कसं बोलायचं, पुढे काय शिकता येईल, पैशाचे व्यवहार कसे करायचे, हे सगळं त्यात येतं. वर्कशॉपमध्ये तासन्‌तास उभी राहणारी मुलं या तासाला मात्र मागचा बाक धरतात. ट्रेडच्या पेपरइतका त्याचा धाक नाही, आणि काही ठिकाणी तो शिकवायला स्वतंत्र माणूसही नसतो.

धोरण ठरवणाऱ्यांचा मात्र या तासावर बराच भरवसा आहे. २०२२ मध्ये केंद्राच्या प्रशिक्षण महासंचालनालयाने त्याचा अभ्यासक्रम नव्याने बांधला. पहिल्या वर्षाला १२० तास आणि दुसऱ्या वर्षाला ६० तास दिले. त्यात करिअर आणि ध्येयनिश्चिती, संवाद, इंग्रजी, डिजिटल कौशल्यं, उद्योजकता, आर्थिक आणि कायदेशीर साक्षरता, अप्रेंटिसशिप आणि नोकरीची तयारी असे भाग आहेत. महाराष्ट्रात चारशेहून अधिक शासकीय आणि पाचशेहून अधिक खासगी आयटीआय आहेत. तिथे दरवर्षी प्रवेश घेणाऱ्या मुलामुलींना हा विषय चुकत नाही.

मग अशा वर्गांनी मुलांचा आत्मविश्वास खरंच वाढतो का? संशोधन 'वाढतो' म्हणतं, पण कशामुळे वाढतो हे पाहिलं तर आपल्याकडे चालणारे अर्धेअधिक कार्यक्रम बाद ठरतील. आयटीआयच्या मुलांच्या हातात आत्मविश्वास आलेला असतो. बोलण्यात आणि निर्णयात तो नसतो. तो तिथे आणणं एवढंच मार्गदर्शनाचं काम आहे, आणि ते भाषणाने होत नाही.

थोडा मागचा धागा

व्यवसाय मार्गदर्शनाची सुरुवात कारखान्यात जाणाऱ्या पोरांसाठीच झाली. १९०८ मध्ये फ्रँक पार्सन्स यांनी अमेरिकेत बॉस्टन इथे व्होकेशन ब्यूरो उघडला. स्वतःला ओळखा, कामाची दुनिया ओळखा, मग दोन्हींचा मेळ घाला, अशी त्यांची तीन पायऱ्यांची रीत होती. मुंबईत १९४१ मध्ये बाटलीबॉय नावाच्या गृहस्थांच्या पुढाकाराने असा ब्यूरो निघाला आणि पुढे तो पारशी पंचायतीकडे गेला. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारनेही व्यवसाय मार्गदर्शनाची स्वतंत्र संस्था उभी केली. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीने मानसशास्त्रीय चाचण्यांचं काम कित्येक वर्षं चालवलं आहे.

म्हणजे ही परंपरा जुनी आहे. पण ती बरीचशी शाळा-कॉलेजातल्या, त्यातही शहरी मध्यमवर्गीय मुलांभोवती फिरत राहिली. आयटीआयच्या मुलाला मार्गदर्शनाची गरज नाही, त्याने ट्रेड घेतला म्हणजे त्याचं ठरलंच, असं गृहीत धरलं गेलं. प्रत्यक्षात ट्रेड त्याने निवडलेला असतोच असं नाही. दहावीच्या गुणांवर गुणवत्ता यादी लागते. इलेक्ट्रिशियन, फिटर, मोटार मेकॅनिक आधी भरतात आणि मग ज्याला जे मिळेल ते. विकल्प अर्जात पाचव्या-सहाव्या क्रमांकावर लिहिलेला ट्रेड शिकणारी मुलं प्रत्येक तुकडीत सापडतील. "मार्क कमी पडले म्हणून आयटीआयला टाकलं" हे वाक्य ती घरून ऐकून आलेली असतात. त्यांच्या बाबतीत प्रश्न 'काय निवडू' हा राहिलेला नसतो. 'जे पदरात पडलं त्याचं मी काय करू शकतो' असा तो असतो, आणि त्यासाठी वेगळं मार्गदर्शन लागतं.

चीनमध्ये २००७ साली शिक्षण मंत्रालयाने पदवी आणि उच्च व्यावसायिक महाविद्यालयांनी करिअरचा विषय किमान ३८ तासिका शिकवावा अशी अपेक्षा घातली. तिथे त्यावर अभ्यासही पुष्कळ होतात. आपल्याकडे आयटीआयच्या ईएस तासाने मुलांच्या मनात काय फरक पडला, याकडे तितकं लक्ष गेलेलं नाही.

आत्मविश्वास कशाबद्दलचा?

'मला सगळं जमतं' असं सरसकट म्हणणाऱ्या आत्मविश्वासात संशोधकांना फारसा रस नाही. १९७७ मध्ये अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाने एक मांडणी केली, तिला सेल्फ-एफिकसी म्हणतात. तिचा गाभा सोपा आहे. एखादं विशिष्ट काम मला करता येईल, असं माणसाला किती वाटतं यावर तो ते काम हाती घेईल का, अडचण आल्यावर किती वेळ टिकेल, हे बरंचसं ठरतं. हा विश्वास कामागणिक बदलतो. वेल्डिंगमध्ये पक्का असलेला मुलगा फोनवर कंपनीला "जागा आहे का" असं विचारताना गळपटतो, आणि यात काही विसंगती नाही.

१९८३ मध्ये कॅरन टेलर आणि नॅन्सी बेट्झ यांनी ही कल्पना करिअरच्या निर्णयाला लावली आणि ५० प्रश्नांची मोजपट्टी तयार केली. पुढे तिची २५ प्रश्नांची छोटी आवृत्ती निघाली. त्यात पाच गोष्टी मोजतात. आपल्या फिटरच्या मुलावर त्या बसवून पाहिल्या तर अशा दिसतात. मला काय जमतं आणि काय नाही, हे ओळखता येतं का? फिटरला कुठे कुठे काम मिळतं, पगार किती, पुढे बढती कशी, ही माहिती मिळवता येते का? दोन-तीन वाटांतून एक निवडता येते का? त्या वाटेचं वेळापत्रक, म्हणजे अर्ज, कागदपत्रं, परीक्षेच्या तारखा, आखता येतं का? आणि नोकरी मिळाली नाही, सुटली किंवा ट्रेडच आवडला नाही, तर पुढचं पाऊल उचलता येतं का?

या पाचही गोष्टी शिकवता येण्याजोग्या आहेत. "स्वतःवर विश्वास ठेवा" असं म्हणून यातली एकही शिकवता येत नाही.

हा विश्वास कुठून येतो

बांडुरा यांनी त्याचे चार स्रोत सांगितले.

पहिला आणि सगळ्यांत भक्कम म्हणजे स्वतः करून जमलेलं काम. इथे आयटीआय कोणत्याही कला-वाणिज्य महाविद्यालयाच्या पुढे आहे. फिटरचा मुलगा पहिल्या काही महिन्यांत फाइल धरायला शिकतो, लोखंडी पट्टी काटकोनात आणतो, व्हर्नियरने मोजतो. पुढे मेल-फीमेल जॉब करतो. दोन तुकडे एकमेकांत बसले की जॉब पास. बसले नाहीत तर सरांकडे घेऊन जायची गरजही पडत नाही, फट डोळ्यांना दिसते. चूक कुठे झाली ते लगेच कळतं आणि पुन्हा करायची मुभा असते. दहावीपर्यंत लाल शेरे पाहत आलेल्या मुलाला आयुष्यात पहिल्यांदा कशात तरी आपण चांगले आहोत असं इथे वाटतं. अनेक निदेशक, म्हणजे ट्रेड शिकवणारे शिक्षक, हे सांगतात, आणि वर्कशॉपमध्ये उभं राहिलं की दिसतंही.

पण ईएसचा वर्ग या भांडवलाला हात लावत नाही. तिथे पुन्हा खडू-फळा, पुन्हा व्याख्या, पुन्हा 'संवादाचे प्रकार लिहा'. त्याऐवजी मुलाला स्वतः केलेला जॉब हातात घेऊन उभं करावं. हा मी काय केला, कोणत्या क्रमाने केला, कुठे चुकलो, किती मापापर्यंत आणला, हे दोन मिनिटांत अनोळखी माणसाला सांगायला लावावं. आधी मराठीत, मग हिंदीत, मग जमेल तेवढ्या इंग्रजीत. कारखान्याच्या मुलाखतीत बहुतेक मुलांना याच्याच आसपासचं विचारतात. तिथे ती गप्प बसतात ती येत नाही म्हणून नव्हे. केलेलं काम कधी बोलून दाखवलेलंच नसतं.

दुसरा स्रोत आपल्यासारख्या माणसाला जमताना पाहणं. यातला 'आपल्यासारख्या' हा शब्द महत्त्वाचा. कार्यक्रमाला मोठा उद्योगपती आणला तर टाळ्या पडतात, पण बार्शीच्या किंवा सिन्नरच्या मुलाला त्यातून स्वतःबद्दल काही कळत नाही. तीन वर्षांपूर्वी याच बाकावर बसलेला, याच एसटीने येणारा, आता चाकणला किंवा वाळूजला सीएनसीवर काम करणारा मुलगा आला की वर्ग सरसावून बसतो. पगार किती, खोलीभाडं किती, रात्रपाळी कशी, सुपरवायझर शिव्या देतो का, हे प्रश्न त्यालाच विचारता येतात.

तिसरा स्रोत दुसऱ्याने दिलेला धीर. हा खरा असतो, पण कमजोर. विश्वासातल्या माणसाने, तुमचं काम पाहून, नेमकं काही सांगितलं तरच तो टिकतो. "तुझं मार्किंग स्वच्छ असतं, तू टूलरूममध्ये शोभशील" असं निदेशकाने म्हटलेलं एक वाक्य मुलं वर्षानुवर्षं धरून ठेवतात. सभागृहात तीनशे जणांना मिळून सांगितलेलं "तुम्ही करू शकता" संध्याकाळपर्यंत विरतं.

चौथा स्रोत शरीराची अवस्था. मुलाखतीच्या दारात घसा कोरडा पडतो, घाम येतो, आणि मूल त्यावरून 'मला जमणार नाही' असा निष्कर्ष काढतं. सराव मुलाखती चार-पाच वेळा घेतल्या की ही धडधड सगळ्यांनाच होते, हे कळतं. एवढं पुरतं.

मुलींची वेगळी अडचण

नॅन्सी बेट्झ आणि गेल हॅकेट यांनी १९८१ मध्ये दाखवलं की ज्या व्यवसायांत पारंपरिकपणे पुरुष असतात, त्यांबद्दल मुलींचा विश्वास कमी असतो, क्षमता सारखी असली तरी. कारण त्यांना ते काम करून पाहायची संधी मिळालेली नसते, करणारी बाई दिसलेली नसते, आणि धीर द्यायच्या जागी घरातून धाक मिळालेला असतो. चारांपैकी तीन स्रोत तिथेच आटतात.

महाराष्ट्रातल्या आयटीआयमध्ये मुलींसाठी ३० टक्के जागा राखीव आहेत, शिवाय मुलींचे स्वतंत्र आयटीआय आहेत. तरी मुली शिवणकाम, कॉस्मेटॉलॉजी, कोपा (संगणकाचा ट्रेड) यांकडेच अधिक वळतात. टर्नर किंवा वेल्डरच्या तुकडीत एखाददुसरीच दिसते. अशा मुलीला "मुली कुठेच कमी नाहीत" हे ऐकवून फरक पडत नाही. कारखान्यात मशीनवर काम करणारी एक बाई तिला भेटली पाहिजे. तिथे स्वच्छतागृह आहे का, पाळी किती वाजता सुटते, घरी सोडायला बस असते का, हे तिला विचारता आलं पाहिजे. घरच्यांचा आक्षेप बहुतेक वेळा याच तपशिलांवर अडलेला असतो. म्हणून पालकांना बोलावणं हा मुलींच्या मार्गदर्शनातला वरवरचा सोपस्कार नव्हे, अर्धं काम तेच आहे.

कोणत्या वर्गाचा उपयोग होतो

२००० मध्ये स्टीव्हन ब्राउन आणि नॅन्सी रायन क्रेन यांनी करिअर मार्गदर्शनावरचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले. ज्या उपक्रमांत पाच गोष्टी होत्या, ते अधिक परिणामकारक ठरले. मुलांकडून लिहून घेणं, प्रत्येकाशी त्याच्यापुरतं बोलणं, कामाच्या जगाची खरी माहिती, वाट चाललेल्या माणसांची भेट आणि घरच्यांचा-मित्रांचा आधार उभा करण्याकडे लक्ष. एका बैठकीपेक्षा चार-पाच बैठकांचा परिणाम बराच जास्त दिसला. २००३ मध्ये सुझन व्हिस्टन आणि सहकाऱ्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. माणसाशिवाय, नुसत्या संगणकावर किंवा कागदावर सोडलेलं मार्गदर्शन सगळ्यांत कमी उपयोगी पडतं. २०१७ च्या त्यांच्याच पुढच्या आढाव्यात, मार्गदर्शनाचा सर्वांत मोठा परिणाम करिअरचे निर्णय घेण्याच्या विश्वासावर होतो, असं दिसलं. हे अभ्यास मुख्यतः अमेरिकेतले आणि कॉलेजच्या मुलांवरचे आहेत, हे ध्यानात ठेवावं. पण त्यांचा रोख आपल्या अनुभवाशी जुळतो.

आपली कल चाचणी आठवा. राज्य मंडळाने २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची ही चाचणी घेतली. कृषी, कला, वाणिज्य, ललित कला, आरोग्य, तांत्रिक आणि गणवेशधारी सेवा अशा क्षेत्रांत मुलाचा कल कुठे आहे, याचा अहवाल त्याच्या हातात पडत असे. एवढ्या मोठ्या संख्येने अशी चाचणी घेणं हे काम लहान नव्हतं. पण बऱ्याच शाळांत त्या कागदावर मुलाशी बसून बोलणारं कोणी नव्हतं. 'तांत्रिक' असं छापून आलेला मुलगा अकरावी कॉमर्सला गेला, कारण मित्र गेले. चाचणीत खोट असेल-नसेल. ती वाचून दाखवणाऱ्या माणसाचा खर्च कोणी धरला नव्हता, हे मात्र खरं.

२०२३ मध्ये कौशल्य विकास विभागाने छत्रपती शाहू महाराज युवाशक्ती करिअर शिबिरं मतदारसंघांनुसार भरवली. अशा शिबिरांतून अभ्यासक्रमांची नावं कळतात, योजना कळतात, दारावर पत्रकं मिळतात. पण एका दिवसाच्या शिबिराने आत्मविश्वास वाढला, असं कोणी म्हणू नये. ब्राउन आणि क्रेन यांच्या पाचांपैकी फार तर एक-दोन गोष्टी तिथे घडतात.

वीस मुलांचा निदेशक

मग माणूस आणायचा कुठून? समुपदेशकांची भरती करा, हे उत्तर सोपं आहे आणि होणारं नाही. जिथे शिल्प निदेशकांच्याच जागा रिकाम्या असतात, तिथे समुपदेशक कधी येणार?

आयटीआयच्या रचनेत याचं उत्तर दडलेलं आहे. ट्रेडची एक तुकडी साधारण वीस ते चोवीस मुलांची असते. एकच निदेशक त्यांच्यासोबत दिवसाचा बराच वेळ, एक किंवा दोन वर्षं, वर्कशॉपमध्ये असतो. कुणाचा हात स्थिर आहे, कोण घाई करतो, कोण दुसऱ्याला शिकवतो, कोण मशीन बिघडली की खूश होतो, हे त्याला ठाऊक असतं. कुठल्याही कॉलेजातल्या प्राध्यापकाला आपल्या विद्यार्थ्याची इतकी ओळख नसते. 'प्रत्येकाशी त्याच्यापुरतं बोलणं' ही जी गोष्ट संशोधनात सगळ्यांत महाग ठरते, ती इथे जवळजवळ फुकट हाताशी आहे.

अडचण अशी की करिअरचा विषय ईएसवाल्या सरांचा, ट्रेडचा विषय निदेशकाचा, अशी वाटणी झाली आहे. ईएसच्या शिक्षकाला मुलं माहीत नाहीत आणि निदेशकाला वाटतं हे माझं काम नाही. दोघांनी महिन्यातून एकदा एकत्र बसून प्रत्येक मुलाबद्दल पाच मिनिटं बोलावं, एवढ्याने बरंच साधेल. इंग्लंडमध्ये २०१४ साली शाळांच्या करिअर मार्गदर्शनासाठी गॅट्सबी नावाचे आठ निकष ठरवले गेले. त्यात वैयक्तिक मार्गदर्शन आहे, प्रत्यक्ष नोकरी देणाऱ्यांशी आणि कामाच्या जागेशी संपर्क आहे, आणि आपला विषय शिकवतानाच शिक्षकाने त्यातल्या करिअरबद्दल बोलावं हेही आहे. निदेशकाने लेथ शिकवताना लेथवर पोट भरणाऱ्यांबद्दल बोलणं, ते हेच.

खरी माहिती, कडू असली तरी

आत्मविश्वास वाढवायचा म्हणून गोड चित्र रंगवणं ही मार्गदर्शन वर्गांची जुनी खोड आहे. मुलगा कारखान्याच्या गेटवर गेला की ते चित्र एका दिवसात पुसलं जातं, आणि सोबत मार्गदर्शकावरचा विश्वासही जातो.

माहितीच्या दोन बाजू आहेत. एक बाजू मुलांना वाटतं त्यापेक्षा चांगली आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा संबंधित ट्रेड केला की पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाट आहे. भाषेचे विषय देऊन बारावीची समकक्षता घेता येते. क्राफ्ट इन्स्ट्रक्टरचं प्रशिक्षण घेऊन निदेशक होता येतं. रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलट भरतीत आयटीआय चालतं, महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीत इलेक्ट्रिशियन आणि वायरमन चालतात. माझगाव डॉक, नौदल गोदी, रेल्वे वर्कशॉप, एसटीची आगारं इथे अप्रेंटिस घेतात. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखाली वर्षभर काम केल्यावर मिळणारं राष्ट्रीय प्रमाणपत्र पुढच्या भरतीत कामी येतं. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत आयटीआय आणि पदविकावाल्यांना महिना ८,००० रुपये विद्यावेतन ठरवलं गेलं. ही यादी वर्गातल्या प्रत्येकाला पाठ असायला हवी. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सहज विचारून पाहा, थेट दुसऱ्या वर्षाची वाट किती जणांना माहीत आहे ते कळेल.

दुसरी बाजू कंत्राटाची. पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर इथल्या औद्योगिक पट्ट्यांत पहिली नोकरी बहुधा ट्रेनी किंवा कंत्राटी म्हणून मिळते, कंपनीच्या नावाखाली पण ठेकेदाराच्या हजेरीवर. हे मुलांपासून लपवून ठेवण्यात काही शहाणपणा नाही. उलट नेमणूकपत्र कसं वाचायचं, पगारपत्रकात भविष्यनिर्वाह निधीची आणि ईएसआयची कपात कुठे दिसते, पीएफचा यूएएन क्रमांक कसा तपासायचा, जादा तासांचे पैसे कसे मोजायचे, हे शिकवलं तर मुलगा गेटवर निमूटपणे सही करत नाही. ईएसआयमध्ये कामगाराची कपात पाऊण टक्का असते, पीएफमध्ये बारा टक्के. यापेक्षा वेगळंच काही कापलेलं दिसलं तर विचारायची हिंमत आकडा माहीत असल्यावरच होते. नव्या अभ्यासक्रमात आर्थिक आणि कायदेशीर साक्षरतेचा भाग आहे. तो खऱ्या पगारपत्रकावर शिकवला तर ईएसचा सगळ्यांत आवडता तास तोच होईल, असं मला वाटतं.

गुण वाढले, मग?

वर्ग सुरू होण्याआधी प्रश्नावली, संपल्यावर तीच प्रश्नावली, आणि सरासरी वाढली की कार्यक्रम यशस्वी. बहुतेक अहवाल इथेच थांबतात. ते जपून वाचावेत.

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र आणि नाश्ता मिळाल्यावर कोण कमी गुण देईल? तोच वर्ग न केलेल्या दुसऱ्या तुकडीशी तुलना आहे का, आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारलं का, हे पाहावं लागतं. आणखी एक गंमत आहे. ज्याने कधी मुलाखत दिली नाही तो पहिल्या दिवशी "मुलाखत जमेल" यावर पाचपैकी चार गुण देतो. चार सराव मुलाखतींनंतर त्याला कळतं की आपण किती कच्चे होतो, आणि तो तीन देतो. कागदावर आत्मविश्वास घसरला. खरं तर पोरगा शहाणा झाला. म्हणून भावनेच्या गुणांसोबत कृती मोजावी. किती जणांनी स्वतःहून अर्ज केले, अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर किती जणांनी स्वतः नोंदणी केली, पहिली नोकरी सुटल्यावर किती जणांनी दुसरी शोधली. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मिळवायला पास झालेल्या मुलांचे फोन नंबर जपून ठेवावे लागतात, आणि खरी मेहनत तिथेच आहे.

वर्गाच्या हातात नसलेलं

मार्गदर्शनाने नोकऱ्या तयार होत नाहीत. गडचिरोलीच्या किंवा किनवटच्या आयटीआयमधल्या मुलाच्या आसपास एमआयडीसीच नसेल, तर त्याच्या आत्मविश्वासाची अडचण मनात कमी आणि नकाशावर जास्त आहे. त्याला पुण्याला जायचं तर पहिल्या दोन महिन्यांचं खोलीभाडं आणि जेवणाचे पैसे लागतात. १९९४ मध्ये रॉबर्ट लेंट, स्टीव्हन ब्राउन आणि गेल हॅकेट यांनी जो करिअर सिद्धांत मांडला त्यात हे स्पष्ट आहे. माणसाचा विश्वास आणि अपेक्षा कितीही असोत, भोवतीचे अडथळे आणि आधार त्याच्या निवडीला वळण देतात. मूल मागे पडलं की 'त्याच्यात आत्मविश्वास नाही' असं म्हणून मोकळं होणं सोयीचं असतं. वसतिगृह नव्हतं, प्रवासाचे पैसे नव्हते, मशीन बंद होतं, निदेशक नव्हता, हे म्हणणं गैरसोयीचं असतं. मार्गदर्शनाच्या वर्गाकडून या गोष्टींची भरपाई मागू नये.

वाचकांना एक विनंती

तुम्ही स्वतः आयटीआय केलेलं असेल आणि आज कुठल्या कारखान्यात, आगारात, महावितरणमध्ये किंवा स्वतःच्या गॅरेजमध्ये काम करत असाल, तर आपल्या जुन्या आयटीआयच्या प्राचार्यांना फोन करा आणि ईएसचा एक तास मागून घ्या. भाषणाची तयारी करू नका. पहिला पगार किती होता, आज किती आहे, मधे किती महिने घरी बसलात आणि पुन्हा कसे लागलात, एवढं सांगा. जाताना आपला फोन नंबर फळ्यावर लिहून ठेवा.